नमुन्याचे घर

१ ऑगस्ट, सोमवार
नव्या गावात बिऱ्हाड मांडले. घर दुसऱ्या मजल्यावर, लहान, पण दोन्ही खिडक्यांतून उजेड येतो. हिने आल्या आल्या स्वयंपाकघरातली फडताळे उंच म्हणून घरमालकाचा उद्धार केला, मग भिंतीच्या रंगाचा, मग ट्रंक चुकीच्या खोलीत ठेवली म्हणून माझा. दमली तेव्हा त्याच ट्रंकेवर बसून बेसूर गाणे म्हटले. सूनबाईंच्या तोंडाला विसावा नाही, असे वडील म्हणत. त्यामुळेच घराला घरपण आहे, हे मी त्यांना कधी बोललो नाही. हिलाही नाही.
कोपऱ्यात देव मांडले. दिवा लावला. वाऱ्याने विझला. पुन्हा लावला.

३ ऑगस्ट, बुधवार
नोकरीवर रुजू. मेहुणा इथेच आहे, त्यानेच लावून दिली. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्यालाही स्वतःचा व्हिडिओ गेम करता यावा, असे सॉफ्टवेअर हे लोक बनवतात. ते वापरून बघायला त्यांना काहीच न येणारा माणूस हवा होता. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, तुमचं अज्ञान हीच तुमची पदवी. जपा, इथे काही शिकू नका." सगळे हसले, मीही. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्या आता यंत्र छापते.
पडद्यावर रंगीत पट्ट्या असतात. 'जेव्हा'ची निळी, 'तेव्हा'ची पिवळी. एकमेकींत अडकवायच्या, की झाले. काम शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान, मला काका म्हणतात. त्यांनी समजावले की गेममधल्या ज्या माणसाला जी पट्टी लावाल तेवढेच तो करील, आणि पट्टी नसेल तर नुसता उभा राहील. मला वाटले, देवाचेही असेच चालत असावे. त्याच्याकडे पट्ट्या जास्त, इतकेच.

८ ऑगस्ट, सोमवार
पहिला गेम पुरा केला. कचेरीतली पोरे म्हणत होती, काका, तलवार द्या, राक्षस टाका. मला राक्षस जमत नाही. मी आमचे घर केले, जी वस्तू जिथे आहे तिथेच ठेवून. देवापुढच्या दिव्याला पट्टी लावली : विझत नाही. मग हिला केले. बोलण्याच्या चौकटीत तीनच ओळी मावतात, म्हणून रोजच्या तीन घातल्या. आलात? वाट बघत होते. बसा, दमलात. पाणी आणू? जो कोणी दारातून येईल तो माझ्या खुर्चीत बसेल आणि ही त्याला पाणी देईल, एवढाच खेळ.
स्वतःला मात्र केले नाही. आपले चित्र आपणच काढून मिरवू नये, हे लहानपणापासून अंगात मुरले आहे. इतक्या पाट्या रंगवल्या, कोपऱ्यात नाव कधी टाकले नाही.

१२ ऑगस्ट, शुक्रवार
माझे घर नमुना म्हणून निवडले. सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येकापुढे आधी तेच उघडणार. मॅडम म्हणाल्या, आत शिरले की हायसे वाटते. टाळ्या झाल्या.
घरी खिडकी सताड उघडी होती, वारा होता, आणि दिवा जळत होता. तेल सकाळी होते तेवढेच. हात जोडले. कृपा मोजू नये.
हिला बातमी सांगितली. तिने पाणी आणले.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
ही शांत झाली आहे. फडताळांवरून कुरकुर नाही, गाणे नाही. गाव मानवले म्हणायचे. कचेरीतून आलो की दारात हसते, बसा म्हणते. बरे वाटते.

२१ ऑगस्ट, रविवार
आज कुठेच गेलो नव्हतो. दुपारी कचऱ्याची बादली खाली ठेवून वर आलो, तर दारात म्हणाली, आलात? वाट बघत होते. म्हटले, अगं, बादली ठेवायला गेलो होतो. म्हणाली, बसा, दमलात. मला हसू आले. मग थांबले.
ती याखेरीज काही शेवटचे कधी बोलली, ते आठवू लागलो. आठवेना. इतके दिवस आमचा संसार तीन वाक्यांवर चालला होता आणि मला काही कमी पडले नव्हते.
भीती वाटायला हवी होती. जेवलो.

२३ ऑगस्ट, मंगळवार
मेहुण्याला घरी आणले. हिने त्यालाही तेच म्हटले, आलात? वाट बघत होते. धाकट्या भावाला, ज्याला जन्मभर टोणग्या म्हणून हाक मारली. तो म्हणाला, "ताई, नाटकात घेतलं का तुला कुणी?" मग माझ्या खुर्चीत बसला. पाणी प्याला. कशाला बसलो, मला घाई होती, असे पुटपुटला. जिन्यात त्याने माझा हात धरला.

२५ ऑगस्ट, गुरुवार
मॅडमना म्हणालो, हिला चौथी ओळ घालू द्या. त्या म्हणाल्या, नमुना बाहेर गेला, जुन्या पट्ट्यांना आता कुलूप. नवा माणूस घालायचा तर घाला. आणि कौतुकाने म्हणाल्या, काका, या घडीलाही किती लोक तुमच्या घरात असतील! विचारले, पुसता येईल का. येईल म्हणाल्या, पण घरासकट सगळे जाईल.
सगळे. म्हणजे हीसुद्धा. हात मागे घेतला.

२६ ऑगस्ट, शुक्रवार
माझ्या खुर्चीत अनोळखी माणूस. हातात पेला. कोण म्हणून विचारले, तर माझ्याकडे न बघता उठून गेला. मागून एक बाई आली. बसली. ही तिलाही तेच म्हणाली, त्याच हसण्याने.
मलाही तेच हसणे मिळत होते. माझे म्हणून त्यात काही नव्हते.

२७ ऑगस्ट, शनिवार
येतच आहेत. दार लावले तरी लागत नाही. हिला धरून बसवायला गेलो, गुडघे वाकत नाहीत. पाय सुजलेत. जेवत नाही.
बसण्याची पट्टी मी तिला दिली नव्हती. जेवण्याचीही—

२९ ऑगस्ट, सोमवार
खुर्ची अडली तर कोणी बसणार नाही. बसले नाही तर पाणी नको. मग ही थांबेल.
देवाची क्षमा मागून नमुन्याच्या घरात स्वतःचे चित्र काढले. पट्ट्या दोनच. खुर्चीत बसतो. लिहितो. आणखी काय करतो ते आठवेना. बोलण्याची चौकट रिकामीच राहिली.

३० ऑगस्ट
बसलो आहे. उठता येत नाही. उठण्याची पट्टी—
हाक मारायची आहे. तोंड उघडते, आत काही नाही. ही समोरून जाते. बघत नाही. मी दारातून आलेलो नाही, म्हणून—
लिहिता येते. तेवढे येते.

३१ ऑगस्ट
दिवा जळतो आहे. विझला असता तर बरे—
जिन्यात पावले. ही दाराकडे निघाली. पाय ओढत. हसते आहे.
आलात? वाट बघत होते.
तो आत आला. खुर्चीकडे येतो आहे. मी इथे बसलो आहे. त्याला दिसत नाही. ही माझ्याकडे हात करते— नाही, खुर्चीकडे—
बसा, दम