मोटर तापली असंल

राजारामपुरी, कोल्हापूर
६ सप्टेंबर २००७

प्रिय रुद्रेश,

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ओरडला असतास, म्हणून लिहिते.

अव्वाचा कार्यक्रम सोमवारी लागला. जानेवारीत टीव्हीवाले शिरोळला येऊन तिला दूध संस्थेबद्दल बोलतं करून गेले, मे महिन्यात ती आपल्याला पोरकं करून गेली, आणि तिचा आवाज तेवढ्या एका कार्यक्रमात उरला. तो रेकॉर्ड व्हायलाच पाहिजे होता. आपला व्हीसीआर बंद, त्यात सोमवारी सकाळचं लोडशेडिंग. केबलवाल्याकडं जनरेटर असतो, पण घरातला टीव्ही कशावर चालणार? म्हणून बॅटरीवरचा लॅपटॉप आणि त्याला केबल जोडायची डबी, ही तुझीच अक्कल.

हार्ड डिस्कवरून मात्र आपण किती भांडलो! तू म्हणालास, अक्का, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची घे, टीव्ही रेकॉर्डिंगला चिक्कार झाली, थंड राहते, बॅटरी पुरते. मी ऐकते होय? दुकानदारानं सांगितलं, ही मिनिटाला ७२०० वेळा फिरते. मला वाटलं, जेवढी जोरात फिरंल तेवढी अव्वा अडखळायची नाही. जरा तापते, असंही म्हणाला तो. तापू दे की, म्हटलं मी आणि तीच घेतली.

आप्पांना शिरोळहून आणलं होतं. पडद्यावर अव्वा आली, तीच हिरवी इरकल, तोच ठसका! चार मिनिटं कुठं चित्र अडकलं नाही. मग बोलता बोलता ती थांबली, मान वळवली आणि कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या आप्पांना म्हणाली, अवं, मोटर तापली असंल, जावा की, बंद करून या.

ते ऐकून मी पदरात तोंड खुपसून रडत बसले. डोकं वर केलं तर पडदा काळा. आप्पा लॅपटॉपपाशी उभे, स्टार्टरचं लाल बटण दाबतात तसं बोट बटणावर दाबून धरलेलं. चाळीस वर्षं उसाच्या पाण्याची मोटर सांभाळलेला माणूस. बायकोनं सांगितलं, उठले, लॅपटॉपला हात लावून बघितलं, खरंच तापलीती, बंद केली. जळाली असती न्हवं, म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. ते यंत्र पुन्हा चालू होईतो कार्यक्रम संपला होता.

चॅनेलला फोन केला. परत दाखवणार नाहीत, मूळ टेपवर दुसरंच काहीतरी भरलंय म्हणे. पहिली चार मिनिटं तेवढी रेकॉर्ड झालीत, राहिलेली वीस मिनिटं गेली ती गेलीच. ५४०० ची घेतली असती, तर आप्पांच्या हाताला गार लागली असती आणि ते परत येऊन बसले असते. तू जिंकलास बाबा.

पण आप्पांना यातलं काही कळलेलं नाही. कार्यक्रम एवढाच होता, असं मी सांगून टाकलंय. रोज संध्याकाळी ते चार मिनिटं लावायला सांगतात, अव्वा बोलली की उठतात, हात लावून बघतात, बटण दाबतात. मी दाबू देते. दसऱ्याला येशील तेव्हा तुझ्यासमोरही उठतील. तेव्हा ५४०० चा शब्द काढू नकोस. कार्यक्रम केवढा होता असं विचारलंच त्यांनी, तर चार मिनिटांचा, म्हण. एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझं न ऐकणारी, पण तुझीच,
विद्याश्रीअक्का