अकरा हजार पुस्तकं एका क्लिकवर

२ जुलै
विद्यापीठाचं पत्र आलं. प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका कल्पक कर्मचाऱ्याचा सत्कार होणार. आमच्याकडे कर्मचारी दोन. मी पुंजाजी, सहायक (ग्रंथपालाची जागा रिकामी, म्हणजे ग्रंथपालही मीच) आणि पुस्तकं काढून देणारी रुख्मिणीबाई. म्हणजे स्पर्धा नाहीच. याच खोलीत झाडू मारता मारता वर आलो. संकल्प: महिनाभरात अकरा हजार पुस्तकं एका क्लिकवर.

९ जुलै
जुन्या कॉम्प्युटरमधली यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. एका दुपारीत. पुणेवाले याला वर्ष लावतात.

१० जुलै, सकाळी ११
यादी जुन्या फॉन्टमधली निघाली. नव्यात प्रत्येक पुस्तकाचं नाव डॉलर, कंस आणि टिंबं. किरकोळ अडचण. रुख्मिणीबाईनं स्क्रीन पाहून विचारलं, "सर, पुस्तकायले लागते ते वाळवी कॉम्प्युटरलेबी लागली काय?"

१५ जुलै
पूनम नावाच्या मुलीला बँकिंगचं पुस्तक हवं होतं. चाळीस मिनिटं सर्च केलं. शून्य. शून्य हाही रिझल्टच असतो, असं तिला समजावत होतो, तेवढ्यात रुख्मिणीबाईनं पुस्तक आणून हातात दिलं. अशानं पोरांना टेक्नॉलॉजीची सवय कशी लागणार?

१८ जुलै
रांग कॉम्प्युटरसमोर नाही, बाईसमोर. आजपासून नियम: पुस्तक तोंडी मागायचं नाही.

१९ जुलै
नियम मागे. प्राचार्यांनाच एक पुस्तक तोंडी हवं होतं.

२४ जुलै
प्राचार्यांना अहवाल दिला. स्पष्ट लिहिलं: नव्या व्यवस्थेत दोन माणसांची गरज नाही, एकाला दुसरीकडे हलवावं. वाईट वाटतं. बिचारी बारा वर्षं डोणगावहून एसटीनं येते. पण प्रगती म्हटली की मन घट्ट करावं लागतं.

२६ जुलै
केबिनबाहेर सहज उभा होतो. कान आपले पहिल्यापासून तेज. प्राचार्य हेडक्लार्क उकंडरावांना म्हणाले, "पुंजाजीचं आता काहीतरी करा लागते." उकंडराव म्हणाले, "हाव सर, लय दिवस झाले." बढती. घरी पेढे नेले.

३० जुलै
ऑर्डर आली. अहवाल जशाचा तसा मंजूर. रुख्मिणीबाई ग्रंथालयात. मी उद्यापासून जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत.
निघताना रुख्मिणीबाई म्हणाली, "सर, हे कॉम्प्युटर बंद कराचं कसं, तेवढं दाखवून द्या. लय घरघर करते."
दाखवलं. पहिल्याच खेपेला जमलं तिला. शिकवणारा चांगला असला की असं होतं.