पाय उगवतीला

सोमवार, १४ मार्च

आज पोचले. नवा जिल्हा म्हणून एसटीतून उतरताना आधी उजवा पाय टाकला, तर कंडक्टर हसला. म्हणला, आजी, लातूर जिल्हा होऊन सात महिने झाले, आता कशाला मुहूर्त बघता. मी म्हणलं, तुझा झाला असंल, माझा आजच झाला. नांदेडकडल्या मुखेडहून निघाले तवा तांबडं फुटलं नव्हतं. मांडीवरच्या पिशवीत कोंबडी. शेजारी बसलेला म्हातारा वाटंत दोनदा तिला विचारून राहिला, बाई, बरी हाईस का.

माझी नात तारामती फाट्यावर उभीच होती. सात वर्षांची हाय, पुढचे दोन दात पडलेत. पळत आली अन् कमरेला असा विळखा घातला की कोंबडी ओरडली. तिला मोठी करायलाच तर आले मी. तिची आई, माझी सुमन, नाताळाच्या आधी तापानं गेली. तीन दिवसांत. तार मला उशिरा पोचली, तोवर माती झाली होती. तोंड दिसलं न्हाई लेकीचं. असू दे. आज आनंदाचा दिवस हाय, ते लिहीत न्हाई.

जावई शेषेराव नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई. सोमवारी जातात, शनिवारी येतात; आज माझ्यासाठी रजा टाकली. म्हणले, मामी, तुम्ही आलात, आता मला चार महिन्यांची झोप काढू द्या. बिचारे खरंच जेवता जेवता पेंगले.

वस्ती उदगीर रोडपासून आत. बावीस घरं, सगळी आपल्याच मंडळीतली. चर्च म्हणजे जुनं सरकीचं गोदाम, आतून चुना मारलेला. वास अजून सरकीचाच. मला बाई आवडला.

गुरुवार, १७ मार्च

मिशनच्या बाईनं मला अक्षरं शिकवली तवा मी दोन लेकरांची आई होते. जोडाक्षर आलं की आजबी घाम फुटतो. पण तारानं अर्धी कोरी वही दिली, मग म्हणलं लिहू.

इथं पाणी म्हणजे टँकर. विहिरीत नुसता गाळ, त्यात बेडूकबी न्हाई. काळ्या रानाला अशा भेगा पडल्यात की एकीत माझा अख्खा हात गेला, कोपरापर्यंत. टँकर सकाळी येतो. रांगेत माझ्यापुढं मल्लम्मा असती, शेजारीण. कर्नाटकाकडली, मला नागुअक्का म्हणती. बोलणं म्हणजे फटाकडी. मी हंडा मोठा आणला तर म्हणली, अक्का, नांदेडला काय हत्ती न्हाऊ घालत होतात का?

तिचा नवरा शिवप्पा जाऊन चार वर्षं झाली. ती म्हणली, पुनरुत्थानाच्या दिवशी सगळे हालेलुया म्हणत उठतील, आमचं माणूस उठलं की आधी विडी मागंल. रांगेतल्या बाया हसून हसून वाकल्या.

रविवार, २० मार्च

उपासना झाली. आमचे पाळकसाहेब संगप्पा, सत्तरीचे, पण आवाज खणखणीत. म्हणले, दुष्काळ ही शेवटाची खूण हाय. तुतारी वाजंल, जे प्रभूत मेलेत ते आधी उठतील, मग आपण जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर वर उचलले जाऊ. क्रम ठरलेला हाय, आधी ते, मग आपण. मला तर अंगावर काटा आला आनंदानं. सुमन उठंल! तोंड बघंन तिचं. शेजारची म्हणली, हळू आजी, अजून उठली न्हाई.

मग पाळकसाहेबांनी सांगितलं, जिल्ह्याचा नवा रस्ता आपल्या कबरस्तानातून जाणार. नाल्यापलीकडं दुसरी जागा मिळालीय. मंगळवारी सगळी माणसं तिकडं हलवायची. इथला नेम असा की जुनी कबर उघडताना घरच्यांनी बघायचं न्हाई, चर्चमध्ये गाणी म्हणत बसायचं. आणि पाय उगवतीला, डोकं मावळतीला, हे तर आपल्यात सगळीकडंच हाय. प्रभू उगवतीकडून येणार, माणूस उठून बसलं की समोर तोच दिसला पाहिजे.

मंगळवार, २२ मार्च

आज लई मोठं काम झालं माझ्या हातून.

सगळे चर्चमध्ये बसले. मी बसले न्हाई. मी परवा आलेली, मला कुठला नेम. अन् माझ्या लेकीचं तोंड बघायचं राहिलं होतं. नाल्याला वळसा घालून नव्या जागेवर गेले. मजूर देगलूरकडले, तेलुगू बोलणारे. पाळकसाहेब छत्री धरून उभे होते, मला बघून कपाळाला आठ्या घातल्या पण हाकललं न्हाई. बारा वाजता त्यांना उन्हाची भोवळ आली. दोघांनी उचलून घरी नेलं.

आता मजूर थांबले. खड्डे तयार, पेट्या अन् गाठोडी रांगेनं. वावटळीनं आभाळ मातकट झालेलं, सूर्य डोक्यावर अन् तोबी धड दिसंना. मुकादम खुणेनं विचारून राहिला, पाय कुठं? नाल्याचा वळसा घालून माझ्या डोक्यात दिशा फिरल्या होत्या. मग नाल्यापलीकडं चर्च दिसलं. आमच्या गावाकडं चर्च बांधताना व्यासपीठ उगवतीलाच बांधतात, म्हणजे सगळ्यांची तोंडं तिकडं होतात. मी मनात इथल्या व्यासपीठाचं टोक धरलं अन् हात केला, तिकडं! एकोणतीस माणसं ठेवली. मुकादमानं मला हात जोडले.

सुमनची पेटी उघडायला लावली न्हाई. धीर झाला न्हाई. वरून हात फिरवला फक्त. क्रूस बसवायला गवंडी सणानंतर येणार हाय. तोवर नुसते ढिगारे, डोकं कुठं पाय कुठं मलाच ठाऊक.

संध्याकाळी मल्लम्मा म्हणली, अक्का, आठ दिवसांत मंडळीच्या वडील, म्हणजे पंच, झालात की! मीबी हसले.

रविवार, ३ एप्रिल

पुनरुत्थानाचा सण, ईस्टर. पहाटेच सगळी मंडळी नव्या जागेवर गेली, गाणं म्हणत. मी नवं लुगडं नेसले होते. पाळकसाहेबांना बरं वाटतंय.

सूर्य उगवला. सगळे त्याच्याकडं तोंड करून उभे. मी ढिगाऱ्यांकडं बघितलं. सुमनची पेटी माझ्या डोळ्यांपुढं ठेवली होती, तिचं डोकं कुठल्या अंगाला ते मला पक्कं ठाऊक. सूर्य तिच्या डोक्यामागून वर येत होता.

घरी येताना चर्चमध्ये गेले. सरकीचं गोदाम ते, चर्च म्हणून कुणी बांधलंच न्हाई. ज्या अंगाला दार सोयीचं तिथं दार केलंय. व्यासपीठ मावळतीला हाय.

सगळ्यांचे पाय मावळतीला. तिकडं काय हाय? वस्ती हाय. आपली घरं हायेत.

सांगावं तर सणाचा दिवस. सांगितलं न्हाई. शेवया केल्या. तारानं दोनदा घेतल्या.

गुरुवार, ७ एप्रिल

आज टँकरला रांग लहान. मला दोन हंडे जास्तीचे मिळाले, लुगडी धुतली, तारालाबी न्हाऊ घातलं. आनंदानं घरी आले. मग लक्षात आलं की सहा घरं आलीच न्हाईत पाण्याला.

मल्लम्मा दारातच बसली होती. हंडा कोरडा. मी म्हणलं, हत्तीणबाई, आज तहान न्हाई का? हसली न्हाई. म्हणली, काल दुपारी शिवप्पा आला. दुपारी म्हणजे भर बाराला, सावली पायाखाली असती तवा. मी विचारलं, विडी मागितली का? ती म्हणली, काही मागत न्हाई. बसतो. हात धरतो.

तिचा हात बघितला. चुलीतलं लाकूड सरकवताना चटका बसला होता, फोड मोठा. म्हणली, कळलंच न्हाई. दुखत न्हाई. काहीच दुखत न्हाई आता अक्का.

सोमवार, ११ एप्रिल

मल्लम्मा गेली. काल दुपारी नाल्यापलीकडं चालत गेली अन् शिवप्पाच्या ढिगाऱ्यावर आडवी झाली. उन्हानं गेली म्हणतात सगळे. अंगावर घामाचा थेंब नव्हता.

मी गेले होते. शिवप्पाच्या ढिगाऱ्याला भेग पडलीय. काळ्या मातीला पडतातच. आत वाकून बघितलं. पेटीची फळी दिसली, बाजूला सरकलेली. पेटीत नुसती माती.

रडू आलं न्हाई. माझी एवढी जिवाची. का आलं न्हाई कुणास ठाऊक. शेषेराव सकाळीच कचेरीला गेले.

बुधवार, १३ एप्रिल

टँकरला सात बाया.

पाळकसाहेबांकडं गेले. सांगून टाकलं सगळं. म्हणलं, साहेब, माझ्या हातून पाय मावळतीला झाले, मी पापी हाय, माणसं लावा, परत फिरवू. ते खुर्चीत बसून होते. डोळ्यावर माशी बसली होती, पापणी हलली न्हाई. त्यांच्या बाजूला दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली, त्यांच्या बाईची. त्या जाऊन सहा वर्षं झाली म्हणतात.

साहेब भिंतीकडंच बघत बोलले. म्हणले, तरीच. उठल्यावर त्यांना प्रभू दिसला न्हाई, आम्ही दिसलो. मी म्हणलं, आता काय करायचं? ते म्हणले, क्रम बरोबर हाय नागुबाई. आधी ते. मग आपण.

एवढंच. मग पुन्हा भिंतीकडं बघत बसले.

कुदळ घेऊन एकटीच गेले. जमीन दगड झालीय. सुमनच्या ढिगाऱ्यालाबी भेग हाय. आत हात घातला न्हाई.

गुरुवार, १४ एप्रिल

सकाळची शाळा बाराला सुटती. तारा उशिरा आली. म्हणली, आजी, आई आली होती शाळेच्या कुंपणाशी. मी म्हणलं, काय म्हणली? ती म्हणली, उद्या परत येते म्हणली. तुझ्याकडंबी येते म्हणली. माझं बोट धरलं होतं.

कुठलं बोट गं?

हे.

मी सुईचं टोक लावलं. पोरीनं नुसतं बघितलं. दुसऱ्या बोटाला लावलं तर ओरडली. ओरडली तवा मला एवढं बरं वाटलं. कवटाळून बसले.

एकच बोट हाय. अजून एकच हाय.

शुक्रवार, १५ एप्रिल

शाळेत पाठवलं न्हाई. दाराला कडी. बाराला दारापुढं कोणतरी उभं राहिलं. फटीतून पाय दिसले. सुमनचेच, करंगळी वाकडी हाय तिची, जन्मापासून. सावली नव्हती, पण बाराला कुणाचीच नसती.

तारा उठून दाराकडं निघाली. तिला धरून ठेवलं.

तोंड तेवढं बघायचं राहिलं होतं माझं. फटीला डोळा लावला न्हाई. लावला न्हाई.

शनिवार, १६ एप्रिल

शेषेराव सकाळी नऊलाच आले. मी म्हणलं, जावईबापू, पोरीला पाण्याच्या गावी ठेवून या, इथं तिला पाणी बाधतंय. दुसरं काही सांगितलं न्हाई. सांगितलं तर थांबतील, बायकोला बघायला. मला ठाऊक हाय, मीबी थांबले असते.

म्हणले, मामी, तुम्हीबी चला. मी म्हणलं, कोंबडी कोण बघंल. हसले. कोंबडी मरून चार दिवस झाले, त्यांना ठाऊक न्हाई.

दहाच्या गाडीनं दोघं गेली. तारा खिडकीतून हात हलवत होती. कुठं गेली ते लिहीत न्हाई. वहीतसुद्धा न्हाई.

मी न्हाई गेले. दोघीबी गेलो तर सुमन शोधत येईल. एक तरी घरात पाहिजे. मी पाय चुकवले, मीच बसंन.

रविवार, १७ एप्रिल

उपासना झाली न्हाई. टँकर आला अन् भोंगा वाजवून परत गेला. मी हंडा घेऊन गेलेच न्हाई. तहान न्हाई.

आज आली न्हाई ती. कडी काढून ठेवलीय.

सोमवार, १८ एप्रिल

आली.

तोंड बघितलं. सुमनच हाय. थोडी माती हाय केसांत. मी झाडली.

मला वाटलं होतं लई रडंन. काही न्हाई आलं. मांडीवर डोकं ठेवलं तिनं. जड न्हाई, गार न्हाई, ऊन न्हाई. काहीच — माझे पाय मला कळंनात. नडगीला चिमटा घेतला. दुसऱ्याचीच.

विचारती, तारा कुठं हाय आई.

न्हाई सांगितलं.

परत विचारती. रागात न्हाई. गोड बोलती. एकटीला तिकडं करमत न्हाई म्हणती, सगळ्यांची माणसं आली, माझंच —

मी म्हणलं, मला ने. मी येते. ती म्हणली, तू येणारच हाईस की गं.

न्हाई सांगितलं. प्रभू, तोंड बंद ठेव माझं. लिहून राहिले म्हणजे बोलत न्हाई, म्हणून लिहून —

वही घेतली तिनं. पानं चाळली. परत माझ्यापुढं ठेवली. म्हणती, इथं तर न्हाई लिहिलंस. मग आता लिही.

मी म्हणलं, हात सुन्न झालाय.

ती म्हणली, मी धरते.

धरलाय. कळत न्हाई धरलेला. पेन्सिल हलती ती दिसती फक्त. हे मी न्हाई लिहीत. हे मी न्हाई. तारामती हाय