अजून कच्ची आहे

३ मार्च

दात हलतोय! वरचा, पुढचा — नेमका माउथपीस टेकतो तिथला. दातांच्या डॉक्टरांनी बोटांत धरून हलवूनच दाखवला. "ट्रम्पेट आता पुरे. शिकवायचं तर शिकवा." शिकवायचं तर! म्हणजे ते उरलंसुरलं काम! घरी हिला म्हटलं, हिरडी सुजलीय. बँडमध्ये कुणाला चकार शब्द नाही.

९ मार्च

चिमणीने आज वर्गात काय वाजवलं! संगीतशाळेत आली तेव्हा सूर इतका बारीक, म्हणून मीच ठेवलेलं नाव. आता चांगली मोठी बाई झालीय, नाव सुटत नाही. सोलोत मी शिकवलेलं सगळं बाजूला ठेवून भलत्याच वाटेने गेली आणि अलगद मूळ धुनेवर परतली. माझे कान कापले पोरीने! पाठ थोपटली.

१२ मार्च

तालमीनंतर बँडमास्तरने बाजूला घेतलं. "रेकॉर्डिंगला तुझ्या त्या विद्यार्थिनीला पहिल्या खुर्चीवर बसवू? तू शेजारी बस."

पहिली खुर्ची म्हणजे सगळे सोलो. आजवर ती माझी.

"अजून कच्ची आहे," मी म्हणालो. किती सहज! "वर्षभर थांब."

त्याने मान डोलावली. शिष्यांच्या बाबतीत माझा शब्द तो मोडत नाही.

१३ मार्च

चिमणीचा वर्ग होता. सुट्टी दिली.

१९ मार्च

बँडमास्तरने तिला सांगितलंच. रडली नाही, भांडली नाही. "सर, तुम्ही म्हणता म्हणजे असेलच. पण कमी कुठे पडते?"

काय सांगणार? "श्वास," म्हणालो. श्वास! पोरीच्या छातीत लोहाराचा भाता आहे!

२ एप्रिल

चिमणी वर्गाला येत नाही म्हणून तिच्या आईला फोन केला. ट्रम्पेट कपाटावर ठेवलाय. चपलांच्या दुकानात नोकरी धरलीय. "बरं झालं सर, वेळेवर सांगितलंत."

मग हिला सगळं सांगून टाकलं — दात, खुर्ची, सगळं. ही म्हणाली, "मला काय सांगताय? तिला सांगा!"

३ एप्रिल

दुकानात गेलो. ती एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होती.

"चिमणे, मी खोटं बोललो. तू तयार होतीस. मलाच खुर्ची सोडवेना."

हसली. "सर, मला बरं वाटावं म्हणून म्हणताय ना? तुम्ही कच्ची म्हणालात म्हणजे कच्चीच असणार."

मग भर दुकानात तोंड उघडून दात हलवून दाखवला! गिऱ्हाईक बूट हातात धरून बघतंय. तिचं हसू मावळलं.

"तुम्ही जा, सर."

तसाच बँडमास्तरकडे गेलो. त्यालाही सांगितलं. त्याने बसही म्हटलं नाही.

८ एप्रिल

तिच्या आईचा फोन. चिमणी रेकॉर्डिंगला जाणार! मागे ट्रम्पेट ऐकू येत होता — सकाळपासून वाजवतेय म्हणे. विचारलं, वर्गाला कधी पाठवता?

"तुमच्याकडे नाही येणार, सर. दुकानातलं तुमचं बोलणं खरं वाटलं तिला."