दोन बोटं सैल

३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची सवय, त्यामुळे पत्र कसं सुरू करतात तेच आठवेना. तुझा फोन पाण्यात पडला ते एका परीने बरंच झालं, माझं अक्षर तरी सुधारेल.

तुझ्या पत्रात तू पहिलं जेवणाचंच विचारलंस, म्हणून आधी तेच सांगते. मेसमध्ये सकाळी अंडी आणि दूध, दुपारी ताट भरून भात, रात्री सूप. वाढणाऱ्या मावशींना नको म्हटलेलं कळतच नाही. गाल वर आलेत माझे, ओळखणार नाहीस. तेव्हा खाऊचा डबा पुन्हा पाठवू नकोस. छोटीच्या तोंडचं काढून पाठवतेस की काय, अशी शंका येते मला. इथे तर उरलेला पाव टोपल्या भरून फेकतात.

फक्त एक सुई आणि काळा दोरा पाठव. मैत्रिणीला हवाय.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी थोरली

९ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र छोटीने पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. अंड्यांची ओळ आली की मला थांबवायची. पाव फेकतात हे तर तिला पटेचना. कुठे फेकतात, मग कोण उचलतं, हेच विचारत बसली. शेवटी मी ओरडले.

गाल वर आलेत म्हणतेस, म्हणून दुकानात उरलेल्या कापडाचा तुला ड्रेस शिवलाय. जुन्या मापावर दोन बोटं सैल ठेवलाय. सध्या शिवणाला उसंत आहे. मालकीणबाई म्हणतात, हल्ली लोक कपडे तयारच घेतात. मला अलीकडे संध्याकाळची भूक लागत नाही, वय झालं, दुसरं काय. सुई-दोरा ड्रेसच्या खिशात आहे. मैत्रिणीला म्हणावं, चांगल्यातली सुई आहे, हरवू नकोस.

आठवण ठेव, पत्राला आळस करू नकोस.
तुझी आई

१४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ड्रेस अगदी अंगासरसा बसला. आणखी एक बोट चाललं असतं, हसू नकोस.

तुझ्या भुकेचं वाचून मात्र राग आला. मी इथे ताटावरून उठत नाही आणि तू घरी असली थेरं करतेस! जेवत जा. छोटीला सांग, तिच्यासारख्या चार जणी जेवतील एवढं रोज उरतं इथे.

परीक्षा जवळ आलीय. प्रयोगशाळेत उभं राहून डोकं जड होतं, बाकी काही नाही. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

तुझा जीव माझ्यावर आहेच, थोडा स्वतःवरही असू दे.
तुझी थोरली

२० फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

आता लपवून काय करू? दुकान बंद झालं. फोन पाण्यात पडला नव्हता, विकला. माझं मी निभावून नेईन, पण छोटीकडे बघवत नाही. वाढत्या अंगाची पोर आणि तिचा फ्रॉक मी उसवून आत घेते आहे. परवा शाळेत बाकावरच झोपली. बाईंनी घरी पाठवून दिलं.

चार जणी जेवतील एवढं उरतं, असं तूच लिहिलंस. त्यातली एक ही समज. तुझ्या खोलीत कोपऱ्यात पडून राहील, त्रास द्यायची नाही. मला दुसरं काम मिळेपर्यंतच. अडचण असेल तर लगेच कळव. पत्र आलं नाही तर होकार समजून महिनाअखेरीला तिला बसमध्ये बसवते. रागावू नकोस गं, दुसरं कुणाचं दार ठोठावू?

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी आई

२७ फेब्रुवारी

आई, छोटीला पाठवू नकोस. आधी हे वाच, नमस्कार मागाहून.

तुझं पत्र हॉस्टेलच्या टेबलावर पडून होतं. मैत्रिणीने आज दवाखान्यात आणून दिलं. हो, दवाखान्यात. प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडले, कपाळाला टाके पडलेत. आणखी आठवडाभर तरी सोडणार नाहीत.

फी थकली की मेसचा पास बंद करतात. माझा नव्या वर्षापासून बंद आहे. अंडी, सूप, सगळं मी खिडकीतून बघून लिहिलं. तू डबे पाठवू नयेस म्हणून लिहिलं. सुई मलाच हवी होती, कपडे आत घ्यायला. तुझा ड्रेस माझ्या अंगावर नुसता लोंबतो. इथे दोन वेळा जेवायला मिळतं, म्हणून डॉक्टरांनी विचारलं की अजून गरगरतंय म्हणते. लाज वाटते लिहायला.

दुकान बंद झालंय तरी तिथल्या फोनवर लावून पाहिलं, नुसता वाजत राहतो. मैत्रीण हे आत्ताच टपालात टाकायला निघाली आहे. पोचेल ना वेळेवर?

तुझी थोरली

२७ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नकार आला नाही, माझा जीव भांड्यात पडला. हे पत्र छोटीच्याच हाती देते आहे. फ्रॉकच्या शिवणीत कापड दाबून ठेवलंय, अंग भरलं की उसव. सुई तुझ्याकडे आहेच.

सकाळपासून तिच्या पोटात काही नाही. घरात होता तेवढा पाव पुढे केला, तर म्हणाली, आई तू खा, मी ताईकडे जेवणार आहे. तेव्हा भेटलीस की आधी तिला वाढ, मग काय बोलायचं ते बोला.

बस अंधार पडायच्या सुमाराला पोचते. कंडक्टर तिला कॉलेजच्या फाटकाशी उतरवून देईल. ताई दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही, असं बजावलंय. शब्दाची पक्की आहे ती, हलणार नाही.

दोघी एकमेकींना धरून राहा.
तुमची आई