टिंब गिळणारी गोडबोली

६ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्या कानसेनाचा कान खोटा पडला!

कानसेन म्हणजे माझा धाकटा भाऊ. जन्मापासून डोळ्यांनी अधू, पण पाल भिंतीवरून गेली तरी त्याला कळतं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेलं पत्रक असतं ना, ते छापण्याआधी त्याचा जुना कॉम्प्युटर त्याला वाचून दाखवतो आणि हा चुका धरतो. उभी हयात छापखान्यात हेच केलं. आज मात्र खोकल्याच्या औषधात पाचाच्या आधी दशांशाचं एक फालतू टिंब पडलेलं होतं. पाच चमचे नव्हे, अर्धा चमचा झाला! ह्याला ते ऐकूच आलं नाही. छापायच्या आधी मालकानं स्वतः पाहिलं म्हणून निभावलं. मालक म्हणाला, कान म्हातारे झाले, तूर्त घरी बसा, ठेवायचं की नाही ते महिनाअखेर बघू.

भाऊ जेवला नाही. मी म्हटलं, रुसायचं तर मालकावर रुस, माझ्या भाजीवर कशाला?

७ ऑक्टोबर, बुधवार

खाजगी रोजनिशी म्हणे! लिहिणारी माझ्यासमोर मांडी घालून बसलीये. मला अक्षर येत नाही म्हणून माझी सगळी गुपितं नातीच्या हस्ताक्षरात.

तर, हीच नात जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते. कॉम्प्युटरच्या पोटात एक कार्ड बसवलेलं असतं, तेच बोलतं. भावाचं कार्ड पावसाळ्यात मुकं झालं, तेव्हा हिनं त्याच कंपनीचं, तसंच दिसणारं दुसरं शोधून बसवलं. जुन्या कार्डातली बाई गेंगाणी होती, नाकातून बोलायची. ही नवी कशी गोड! आम्ही सगळे खूश. आज नात म्हणाली, आजी, चूक आजोबांच्या कानाची नसेल. मी बसवलेल्या कार्डाची असेल.

तिचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, आधी चहा पी, मग अपराधी हो.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं! नातीनं एकटं टिंब आणि पुढे पाच असं टाइप केलं. गोडबोली म्हणाली, "पाच." टिंब गिळलं, ढेकरही नाही.

मग तिनं दोन्ही कार्डं माझ्यासमोर ठेवली. जुळ्या बहिणी जणू. फरक पोटात. प्रोसेसर म्हणजे कार्डाचं डोकं, आणि फर्मवेअर म्हणजे त्या डोक्यानं काय करायचं ते एका चिपमध्ये कायमचं भरून ठेवलेलं शिक्षण. गेंगाणीचं डोकं मंद, शिक्षण पहिलं. समोर आलं ते बोलायचं — टिंब, कंस, सगळं. लोक कंटाळले. मग कंपनीनं पुढच्या खेपेला चलाख डोकं घातलं, नवं शिक्षण दिलं. आता ही बाई वाक्याचा अंदाज बांधते, टिंब दिसलं की वाक्य संपलं समजून श्वास घेते.

म्हणजे मंद होती तोवर खरं बोलायची. शहाणी झाली आणि बिघडली. अशी माणसं मी लग्नांत पुष्कळ पाहिली आहेत.

पण एवढुशा काळ्या चिपेवरून पोरीनं हे ओळखलं! लिही की. लाजतेस काय? माझी रोजनिशी आहे, तुझी नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

सकाळी नातीनं गेंगाणीची शिक्षणाची चिप काढून गोडबोलीत बसवली. खाचा बरोबर जुळल्या. आवाज — काहीच नाही.

नात म्हणाली, डोकं बदललं की त्याला जुने हुकूम समजत नाहीत. सासरी आलेल्या सुनेला माहेरच्या खुणा करून काय उपयोग, तसं. जुन्या शिक्षणाला जुनंच डोकं हवं. आणि गेंगाणीचं नेमकं डोकंच गेलंय, हे तिनं त्याचा एकेक धातूचा पाय तपासून शोधून काढलं.

भावाला म्हटलं, नव्या मशिनी शिक. तो म्हणाला, "ताई, मी ज्या वेगानं ऐकतो ना, त्या वेगात मला ह्या दोघी बहिणींचंच कळतं. बाकीच्यांची नुसती लाही फुटते." खरंय. मी एकदा ऐकलं होतं. कढईत मोहरी तडतडावी तसं. आणि हा त्यातून स्वल्पविराम वेचायचा!

१३ ऑक्टोबर, मंगळवार

लिफ्ट दुरुस्त करणारा आला होता. नातीनं गावभर विचारणा केली होती, तसलं डोकं कुणाकडे आहे का. ह्याच्याकडे मोडीत काढलेल्या लिफ्टचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड निघाला. त्यात तेच डोकं! म्हणाला, आजी, हे आयुष्यभर वर-खाली करत होतं, आता बोलायला लागलं तर माझी तक्रार सांगू देऊ नका.

नातीनं ते इतक्या हळू उपटलं, जसा लहान मुलाच्या पायातला काटा. मी श्वास धरून बसले. बोलले नाही. हेही लिही, लोकांना पटायचं नाही.

बसवलं. गेंगाणीची शिक्षणाची चिपही परत तिच्यात घातली. तार जोडली. भावाला बोलावलं. नातीनं तेच टाइप केलं.

"टिंब पाच," गेंगाणी म्हणाली. नाकातून.

भावानं चाचपत हात पुढे नेला आणि नातीच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाला, "वेग वाढव."

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

मालक घरी येऊन गेला. नातीनं त्याला दोन्ही आवाज ऐकवले. तो ओशाळला. म्हणाला, झालं गेलं विसरू, सोमवारपासून या. मी त्याला मुद्दाम भाजी वाढली, भावानं त्या दिवशी सोडली होती तीच, पण ताजी. दोनदा घेतली.

१७ ऑक्टोबर, शनिवार

कुणी सांगितलं नव्हतं. गोडबोलीच्या काळात पास केलेली सगळी पत्रकं भावानं पुन्हा ऐकायला घेतली. एकात टिंब निघालं. लहान मुलांच्या झटक्यांचं औषध — पाच थेंबांच्या जागी अर्धा. औषधाची खोकी भरून झालेली, कंपनीतून माल सकाळीच निघालेला.

नात म्हणाली, आजोबा, मी सांगते, कार्ड मी बसवलं होतं. त्यानं तिच्या हातून फोन घेतला. "सही माझी आहे," म्हणाला, आणि मालकाला स्वतः सांगितलं. "कंपनीला कळवतो," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

नात विचारतेय, आजोबांच्या नोकरीचं काय लिहू? ते मला माहीत नाही. लिही — गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरली.