गळका नळ आणि परतीची दलाली

तीर्थरूप मामा,

तुमच्या वरच्या खोलीतली टेलरबाई वर्षाचा करार मोडून मध्येच चालली, म्हणून तुम्ही माझी निम्मी दलाली परत मागताय. बोली तशीच होती, देतो! पण ती का चालली, तेही ऐका.

तिचा नळ गळायचा. नवा बसवायचा सोडून तुम्ही दर वेळी मलाच पिटाळायचात, “भाचा आहेस, फुकटात होईल!” मी वॉशर बदलायचो, ती चहा टाकायची. पुढे पुढे तर ती नळ मुद्दाम सैल करायची, कालच कबूल केलं तिनं. मामा, आमचं लग्न ठरलंय!

हे पत्र पाठवत नाही. ती म्हणते, “मामांना समोरच सांगू.” दलाली घेऊन दोघं येतोय. नळ मात्र आता बदलाच, तुम्हाला दुसरा भाचा नाही.

धंद्यात बुडालेला, तुमचाच
दलाल